पुण्याहून किनाऱ्यावरच्या डाइव्हला: बडीसोबत प्रवाळावरील जीवन टिपताना

पुण्याला समुद्र नाही, तरीही किनाऱ्यावरून पाण्यात उतरून प्रवाळावरचे जीवन टिपायचे असेल, तर त्याची निम्मीअधिक तयारी पुण्यातल्या पोहण्याच्या तलावातच उरकता येते आणि ती तिथेच उरकावी. मालवणला होडीतून जाऊन प्रशिक्षकाच्या आधाराने काही मिनिटे पाण्याखाली राहण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतलेला असतो. तो सुंदर असतो, परंतु तेवढ्या बळावर कॅमेरा घेऊन उतरता येत नाही. त्यासाठी ओपन वॉटर डायव्हर हे प्रमाणपत्र हवे. त्यातला तलावाचा भाग पुण्यात पूर्ण करून समुद्रातील चार डाइव्ह मालवण, गोवा, मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट किंवा अंदमान येथे करता येतात आणि मग १८ मीटर खोलीपर्यंत जोडीदारासोबत, म्हणजे डायव्हरांच्या भाषेत बडीसोबत, स्वतंत्रपणे उतरण्याची पात्रता येते.

प्रमाणपत्र मिळाल्यावर लगेच कॅमेरा विकत घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आधी तरंगण्यावर ताबा हवा. तलावाच्या तळावर एक नाणे ठेवावे, त्याच्या वर हातभर अंतरावर आडवे राहावे, हात छातीशी बांधावेत आणि केवळ श्वासाच्या जोरावर, तळाला न टेकता व वर न उसळता, काही मिनिटे स्थिर राहून पाहावे. हे सहज जमू लागले की तोच सराव हातात टॉर्च धरून करावा, कारण हातात वस्तू आली की लक्ष तिकडे जाते आणि पाय खाली झुकतात. प्रवाळावर हे झुकलेले पायच घात करतात. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढते, गोट्यासारखे भरीव प्रवाळ त्याहूनही सावकाश. फिनच्या, म्हणजे पायात घालायच्या वल्ह्यासारख्या पंखाच्या, एका फटकाऱ्याने कित्येक वर्षांची वाढ मोडते. शिवाय प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे वाळूत पडलेला मृत तुकडासुद्धा आठवण म्हणून उचलता येत नाही.

पाण्याखाली राहण्यासाठी अंगावर बांधायचे तलावातले वजन समुद्रात चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, म्हणून अंगावरच्या साहित्यासह ८० किलो भरणाऱ्या माणसाला समुद्रात साधारण दोन किलो वजन जास्त लागते. त्यातच ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत जाईल तसा हलका होतो. पहिल्या डाइव्हच्या अखेरीस, सिलिंडरमध्ये ५० बार (बार हे दाबाचे एकक) हवा उरलेली असताना, पाच मीटरवर स्थिर राहता येते का हे तपासून वजन ठरवावे.

बडीशी करायचा करार

पाण्याखालचे चांगले छायाचित्र दोघांचे असते, असे मी मानतो आणि म्हणूनच सुरुवातीला दोघांत एकच कॅमेरा न्यावा, असे सुचवतो. दोघांकडेही कॅमेरे असले की दोघेही आपापल्या दगडाशी रमतात आणि बडी हा शब्द नावापुरता उरतो. एकच कॅमेरा असला की कामे वाटली जातात. ज्याच्या हाती कॅमेरा आहे त्याने विषयाकडे पाहावे. दुसऱ्याने हवा, वेळ, खोली, परतीची दिशा आणि छायाचित्रकाराचे फिन्स यांच्याकडे पाहावे, आणि सिलिंडरमधील हवा ठरलेल्या आकड्यापर्यंत उतरली की भूमिका बदलाव्यात. हे सारे पुण्याहून निघण्यापूर्वी, घरी समोरासमोर बसून ठरवावे. खुणाही तेव्हाच पक्क्या कराव्यात. अंगठा वर करणे म्हणजे 'छान' नव्हे, तर 'वर चला'. उत्तम फोटो मिळाल्याच्या आनंदात अंगठा दाखवला, तर बडी डाइव्ह संपवून वर निघेल आणि त्याचे बरोबरच असेल.

बडीने नेमके कुठे राहावे, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. त्याने छायाचित्रकाराच्या बाजूला, किंचित वर आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला राहावे. प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहिल्यास त्याच्या पायांनी उडालेली वाळू थेट चौकटीत वाहत येते. माशाच्या मागेही जाऊ नये, कारण पळायची वाट बंद झालेला मासा कपारीत शिरतो आणि पुन्हा बाहेर येत नाही. दोघांमधले अंतर एवढेच असावे की दोन-तीन फटकाऱ्यांत एकमेकांपर्यंत पोहोचता येईल. तरीही चुकामूक झाली, तर एक मिनिटभर शोधावे आणि मग दोघांनीही सावकाश पृष्ठभागावर यावे.

जागा, तिथी आणि पाण्यात उतरणे

मालवणच्या बहुतेक डाइव्ह होडीतून होतात आणि तिथल्या पाण्याची पारदर्शकता दिवसागणिक बदलते. किनाऱ्यावरून चालत जाऊन प्रवाळ पाहायचे असेल, तर अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, अधिक सोयीचे आहे; तिथला नेमो रीफ नवशिक्यांनाही मानवतो. मात्र कोणत्याही किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी स्थानिक डाइव्ह सेंटरला विचारावे आणि अंदमानात मगरींबाबतचे फलक गांभीर्याने घ्यावेत.

वेळ ठरवताना भरती-ओहोटी पाहावी. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. हा हिशेब अंदमानाला लागू पडत नाही, तिथे स्थानिक तक्ताच वापरावा. परंतु पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती हा फरक दोन्हीकडे सारखाच उपयोगी आहे. भांगाच्या दिवसांत पाण्याची ओढ कमी असते, गाळ कमी उठतो आणि एका जागी स्थिर राहणे सोपे जाते. पुण्याहून सुट्टी टाकतानाच पंचांग पाहिले, तर उत्तम. किनाऱ्यालगतच्या उथळ प्रवाळावर भरती पूर्ण होत आली असताना उतरावे, म्हणजे डोक्यावर पुरेसे पाणी राहते आणि पोट प्रवाळाला घासत नाही. अंदमानात हिवाळ्यात सूर्य सायंकाळी पाचच्या सुमारासच मावळतो, म्हणून दुपारची डाइव्ह लांबवू नये.

उतरण्यापूर्वी दोघांनी एकमेकांचे साहित्य हाताने चाचपून तपासावे: बीसीडीत, म्हणजे तरंगणे सांभाळणाऱ्या हवेच्या जाकिटात, हवा भरते व निघते का, वजनाचा पट्टा आणि बकले कुठे सुटतात, सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का. दाबमापकाकडे पाहत रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडाशी आणणाऱ्या साधनातून, दोन-तीन श्वास घ्यावेत. काटा हलू लागला, तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे असे समजावे. मग मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात आणि बीसीडीत थोडी हवा ठेवून पाय घासत चालावे, म्हणजे वाळूत दडलेले पाकट पायाखाली न येता दूर जाते. कॅमेरा लॅनयार्डने, म्हणजे सुरक्षा-दोरीने, बीसीडीला अडकवलेला असावा. लाटांत दोन्ही हात त्यात कधीही गुंतवू नयेत. कमरेइतक्या पाण्यात एकमेकांच्या खांद्याचा आधार घेत फिन्स चढवावेत आणि खाली जाण्यापूर्वी होकायंत्रावर किनाऱ्याची दिशा दोघांनीही नोंदवावी.

छायाचित्र

पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी गिळते. पाच मीटरवर तो बराच फिका पडतो आणि दहा मीटरच्या आसपास जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, नसेल, तर पाच-सहा मीटरच्या वरच राहावे, सूर्य पाठीशी ठेवावा, छायाचित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्यावीत आणि पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ठरवावा. खोली बदलली की तो पुन्हा ठरवावा. स्ट्रोब असेल, तर लहान जीवांसाठी आयएसओ १०० ते २००, एफ/८ ते एफ/१६ आणि शटर १/२०० च्या आसपास ठेवून सुरुवात करावी. स्ट्रोब लेन्सच्या दोन्ही बाजूंना लांब आणि किंचित बाहेरच्या दिशेला वळवून ठेवावेत. ते लेन्सला चिकटून समोर रोखले, तर पाण्यातला प्रत्येक कण उजळून चित्रभर पांढरे ठिपके उमटतात. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अंतर. आपल्याला पाण्याखाली वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे पाव अंतराने जवळ दिसतात, त्यामुळे आपण लवकर थांबतो. हातभर अंतरापर्यंत जावे, जमल्यास त्याहून जवळ, आणि जवळ जाता येत नसेल तर ते छायाचित्र सोडून द्यावे.

नेमो रीफजवळच्या वाळूत माझ्या बडीने एकदा मला थांबण्याची खूण केली आणि बोटाने एक भोक दाखवले. त्याच्या तोंडाशी करंगळीएवढा गोबी मासा बसला होता. आम्ही दोघे वाळूपासून वीतभर वर, न हलता राहिलो. थोड्या वेळाने भोकातून एक कोळंबी बाहेर आली, तिने पुढच्या नांग्यांनी वाळूचा ढिगारा बाहेर लोटला आणि हे करताना तिची एक मिशी सतत माशाच्या अंगाला टेकलेली होती. या कोळंबीला जेमतेम दिसते. बीळ ती खणते आणि राखण गोबी करतो. मी कॅमेरा बोटभर पुढे सरकवताच गोबीची शेपटी थरथरली आणि दोन्ही जीव क्षणात आत गेले. बडीने मला मागे सरकायला लावले, दाबमापक दाखवून अजून वेळ असल्याचे सांगितले आणि आम्ही पुन्हा थांबलो. दुसऱ्यांदा कोळंबी बाहेर आली तेव्हा मी जागचा हललो नाही आणि मिशी टेकलेल्या स्थितीत दोघे मिळाले. राखणदार नसता तर मी तिथे निर्धास्तपणे थांबू शकलो नसतो.

समुद्रफुलातल्या (सी ॲनिमोनमधल्या) क्लाउनफिशची रीतही अशीच आधी पाहून घ्यावी. हे मासे ठरावीक फेऱ्या मारतात. फेरीतला एक बिंदू हेरून त्यावर कॅमेरा रोखून ठेवावा आणि मासा तिथे येऊ द्यावा. थव्यातला सर्वांत मोठा मासा मादी असतो. समुद्रफुलाच्या बुंध्याशी दगडावर अंडी दिसली, तर त्यांना पंखांनी वारा घातल्यासारखे पाणी घालणारा नर असतो. अशा वेळी दोन-चार छायाचित्रे घेऊन निघावे, कारण आपल्यामुळे तो अंडी सोडून लढायला येतो. फोकस नेहमी डोळ्यावर असावा. स्थिर राहण्यासाठी श्वास मात्र रोखू नये: कोंडलेल्या श्वासासह मीटरभर वर आले, तरी फुप्फुसांना इजा होऊ शकते. सावकाश उच्छ्वास सोडत असताना शटर दाबावे.

परतताना

किनाऱ्यावरून केलेल्या डाइव्हमध्ये परतीचा रस्ताही पोहून कापायचा असतो. २०० बारने सुरुवात केली असेल, तर दोघांपैकी कोणाचीही हवा १२० पर्यंत उतरताच वळावे. ज्याची हवा कमी त्याचा शब्द अखेरचा. मिनिटाला नऊ मीटरहून अधिक वेगाने वर येऊ नये, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे आणि ५० बार शिल्लक असताना पृष्ठभागावर असावे.

कॅमेऱ्याचे हाउसिंग, म्हणजे जलरोधक पेटी, पुण्यातच आधी रिकामे, आत टिश्यू पेपर ठेवून, बादलीत आणि मग तलावात बुडवून तपासलेले असावे. त्याच्या ओ-रिंगवर, म्हणजे झाकण घट्ट बसवणाऱ्या रबरी कड्यावर, अडकलेला एक केस आत पाणी यायला पुरेसा असतो. हाउसिंग कोरड्या, गार खोलीत सिलिका जेलसह बंद करावे, म्हणजे काचेवर आतून वाफ धरत नाही. डाइव्हनंतर ते अर्धा तास गोड्या पाण्यात ठेवून प्रत्येक बटण दाबावे.

शेवटी उंचीचा विचार: डाइव्हनंतर लगेच उंचावर गेल्यास हवेचा दाब कमी होऊन शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. अंदमानाहून विमानाने निघण्यापूर्वी एकच डाइव्ह केली असल्यास किमान १२ तास आणि अनेक केल्या असल्यास किमान १८ तास जाऊ द्यावेत. मालवणहून मोटारीने येणाऱ्यांना हा नियम आपला वाटत नाही, परंतु डायव्हिंगच्या दृष्टीने ३०० मीटरच्या वर उंची मोजावी लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि आंबोलीसारखा घाट त्याहूनही वर चढतो. त्यामुळे दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढू नये. रात्र किनाऱ्यावरच काढावी आणि त्या वेळात बडीसोबत बसून दिवसभराची छायाचित्रे पाहावीत, माशांची नावे लावावीत, कोणत्या खोलीवर व्हाइट बॅलन्स चुकला ते डाइव्हच्या वहीत लिहावे आणि पुढच्या वेळी कॅमेरा आधी कोणाकडे राहील हे तेव्हाच ठरवून टाकावे.