आर्किटेक्चर हुकलं तर? बॅकअप कोर्स निवडण्याआधी हे वाचा

पणजीतल्या आल्तिनोच्या आर्किटेक्चर कॉलेजात जागा मोजक्या, आणि नाटा (आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) देऊन वाट बघत बसलेली मुलं कितीतरी, हे तुम्हाला ठाऊकच असणार. त्यामुळे तयारीबद्दल लिहीत नाही. यादीत नाव लागलं नाही तर पुढे काय, त्याबद्दल लिहिते. तो आठवडा आठवला की मला अजून कसंतरी होतं.

एक काम मात्र बरंच आधी करून ठेवा. जेईई मेनचा फॉर्म भरताना पुष्कळ जण फक्त बी.आर्क.चा, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीचा, पेपर २ए घेतात. त्या गुणांवर बी.टेक. मिळत नाही. त्याच फॉर्मवर बी.टेक.चा पेपर १ आणि बी.प्लॅनिंगचा, म्हणजे शहर-गाव नियोजनाच्या पदवीचा, २बी घेता येतो. फी वाढते, वाढू दे. २ए आणि २बीला गणित आणि ॲप्टिट्यूड सारखंच असतं. एकात चित्रकला, दुसऱ्यात नियोजनावरचे प्रश्न, एवढाच फरक.

आता खरी मेख. यादीनंतर एका खासगी संस्थेच्या प्रवेश टेबलावर आम्ही गेलो. तिथल्या बाईंनी गुळगुळीत माहितीपत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या जागेवर बॉलपेनने बाण काढला: इंटिरिअर डिझाइनची दोन वर्षं, मग थेट बी.आर्क.चं तिसरं वर्ष. बाबांना ते इतकं पटलं की त्यांनी नोंदणी फी तिथेच भरली.

असा बाण नसतो. कुठेच नसतो. बी.आर्क. पाच वर्षांचं, आणि आत शिरायचं ते पहिल्याच वर्षाला. आर्किटेक्चरचा तीन वर्षांचा डिप्लोमा गणितासह केलेल्यांनाही पहिल्यापासूनच सुरुवात करावी लागते, मग इंटिरिअरवाल्यांना कोण सोडणार? कारण साधं आहे. १९७२च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, आणि त्या नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवीच लागते. इंटिरिअरचं बी.एस्सी., बी.व्होक., सिव्हिल, यातलं काहीच चालत नाही. कोर्सच्या नावात ‘आर्किटेक्चरल’ असलं म्हणून भुलू नका. टेबलामागचा माणूस काहीही म्हणो, कौन्सिलच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी असते, ती उघडून बघा. बाबांनाही दाखवा, कारण पैसे ते भरणार आहेत.

म्हणजे इंटिरिअर वाईट असं अजिबात नाही. लाकूड, कापड, उजेड यांत जीव रमत असेल तर बिनधास्त जा. गोव्यात हॉटेलं आणि बंगल्यांची कामं कमी नाहीत. फक्त बी.आर्क.चा मागचा दरवाजा समजून जाऊ नका. बॅकअप निवडताना मी एकच कसोटी लावते: बी.आर्क. कधीच मिळालं नाही, तर हा कोर्स शेवटपर्यंत कराल का? उत्तर द्यायला वेळ लागला तर तो कोर्स सोडा.

मी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल घेतलं. पहिलं वर्ष जड गेलं, खोटं कशाला सांगू. आल्तिनोला लागलेली मैत्रीण पणजीच्या कला अकादमीत बसून आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांच्या पर्गोलाची, म्हणजे तिथल्या जाळीदार मांडवाची, सावली कागदावर उतरवायची, आणि मी मेकॅनिक्सच्या गणितांत डोकं घालून बसलेली. पण सर्व्हेइंग आवडलं. पुढे कळलं की एम.प्लॅनिंगला बी.आर्क.वाल्यांसारखाच सिव्हिलवाल्यांनाही प्रवेश असतो, मोठ्या संस्थांत गेट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रात एम.ए. केलेल्यांनाही बऱ्याच ठिकाणी घेतात. कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखड्यावरून ग्रामसभा पेटणाऱ्या या राज्यात नियोजन शिकणाऱ्याला विषय शोधत फिरावं लागत नाही. जमिनीचा झोन बदलला की काय होतं ते इथे शेतात राबणाऱ्या आजीलाही कळतं.

सल्ला कोणाचा घ्यायचा? तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांचा. पहिल्या वर्षातली अजून हवेत असतात आणि पास होऊन गेलेल्यांना सगळं सोपंच आठवतं. म्हापशाचा माझा मामा म्हणाला होता, आर्किटेक्टपेक्षा कॉन्ट्रॅक्टर जास्त कमावतो. असेलही, पण मी ते विचारलंच नव्हतं. शेवटच्या पंधरवड्यात नाटाचं चित्र सुधारून देतो म्हणणाऱ्या क्रॅश कोर्सवर माझा काडीचा विश्वास नाही. त्यापेक्षा रोज म्हापशाच्या बाजारात उभं राहून एक चित्र काढा.

नाटा पुन्हा द्यायची असेल तर वर्ष रिकामं ठेवण्यापेक्षा बॅकअप कोर्सच्या पहिल्या वर्षातच द्या. गणित ताजं असतं आणि घरात रोजचा तमाशा होत नाही. फी भरण्याआधी त्या कॉलेजच्या परताव्याच्या तारखा लेखी मागून घ्या. मूळ गुणपत्रिका कोणी ठेवून घेत असेल तर स्पष्ट सांगा की यूजीसीच्या नियमाप्रमाणे पडताळणी करून त्या परत द्यायच्या असतात. आल्तिनोची पुढची फेरी लागली तर तीच गुणपत्रिका हातात लागेल.