पुण्यात नव्याने राहायला आलात? पोरांना घेऊन बाहेर पडायचं ते असं

नोकरीपायी पुण्यात बिऱ्हाड हलवलेली कितीतरी कुटुंबं पहिल्याच रविवारी सिंहगड गाठायला निघतात. घाटात गाड्यांची रांग, मागच्या सीटवर ओकणारं पोर, आणि मग पुढचे दोन महिने बाहेर जायचं कुणी नावही काढत नाही. क्रम उलटा ठेवा. आधी घराजवळची बाग, मग अर्ध्या दिवसाची सहल, गड सगळ्यात शेवटी.

पहिला महिनाभर एकाच बागेत आणि साधारण एकाच वेळेला जा. मोठ्यांना कंटाळा येईल, पण पोरांना तीच घसरगुंडी आणि तेच चेहरे दिसले की ती लवकर रुळतात. तिथली मुलं चार-पाच दिवसांत त्यांना आपणहून खेळायला घेतात. वेळ मात्र पाहून निघा. महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान देखणं आहे, जपानमधल्या ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर केलेलं. पण तिथे हिरवळीवर पाय पडला की रखवालदाराची शिट्टी वाजते. धावायच्या वयाच्या पोराला तिथे नेणं म्हणजे दोघांनाही शिक्षा.

अर्ध्या दिवसासाठी पर्वती आणि सारसबाग ही जोडी उत्तम. सकाळी सातला पर्वतीपासून सुरुवात करा, कारण आठनंतर उन्हाळ्यात पायऱ्या तापतात. पायऱ्या १०३ आहेत. रुंद आणि बुटक्या असल्यामुळे चार वर्षांचं पोरही धरून-धरून चढतं. मोजत चढायला लावलं तर कुरकुर निम्मी होते. वर देवळं आणि नानासाहेब पेशव्यांची समाधी आहे, पण पोरांना खरी मजा शहर बघण्यात वाटते. तिथून सारसबाग दाखवा आणि सांगा की एके काळी तिथे तळं होतं व गणपती त्यातल्या बेटावर होता. म्हणून तो तळ्यातला गणपती. मग खाली उतरून चालत बागेत जा, की वरून पाहिलेलं पोरं स्वतः शोधतात. शेजारी पेशवे पार्क आहे. तिथली फुलराणी, म्हणजे पोरांची छोटी आगगाडी, १९५६ पासूनची, पण दुरुस्तीसाठी बंद असली की रडारड होते. म्हणून घरून निघताना तिचं वचन देऊ नका. मेट्रोने आलात तर स्वारगेटला उतरा.

टेकड्या ही पुण्याची खरी चैन, आणि फुकट. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, यांतली घराजवळची धरा. हिशोब असा: पाच वर्षांचं पोर सपाटीला दोन किलोमीटर चालतं, चढावर एक. ते दमल्यावर नव्हे, उड्या मारत असतानाच मागे वळा. नाहीतर परतीची अर्धी वाट तुमच्या खांद्यावर होते. पावसाळ्यात आणि त्यानंतर पायवाट सोडून गवतात शिरू देऊ नका, घोणस तिथेच असते. भटकी कुत्री आली तर पळायचं नाही, एवढं घरीच शिकवून ठेवा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खरा त्रास कुसळांचा. गवत पिवळं पडलं की ती मोज्यांत घुसतात. टोक सुईसारखं, मागे पिळाची शेपटी. घामाची ओल लागली की पीळ सुटतो आणि टोक आणखी आत शिरतं. टोकावर उलटे केस असल्याने मागे ओढलं की ते तुटून आतच राहतं. मोजा काढून उलटा करा आणि कुसळ टोकाला धरून आतल्या बाजूने ओढा. लोकरी किंवा जाड विणीचे मोजे या दिवसांत नकोतच. गुळगुळीत कापडाची पूर्ण पॅंट बरी.

कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. उघडताच पोहोचा, कारण दुपारी वाघ झोपलेला आणि माणसं घामाघूम असतात. परिसर १३० एकरांचा आहे. पाच वर्षांखालचं मूल पूर्ण फेरी पायी करणार नाही, तेव्हा बॅटरीवरच्या गाडीचे पैसे वाचवू नका. सर्पोद्यान त्याच आवारात आहे.

खडकवासला धरणावर जायचं तर चौपाटीवर कणीस खा, पाण्यात उतरू नका. काठचा गाळ निसरडा असतो आणि खोली अचानक वाढते.

मग सिंहगड. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १३०० मीटर, पायथ्याच्या आतकरवाडीची पायवाट मोठ्यांनाच दीड-दोन तास घेते. सात-आठ वर्षांखालच्यांना गाडीने किंवा पायथ्याच्या जीपने वर न्या. सकाळी साडेसातच्या आत घाट चढा, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही दहालाच खा, आणि साडेदहाला उतरायला लागा. तेव्हा वर येणाऱ्यांची रांग समोरून सुरू होते. जोरदार पाऊस असेल तर बेत रद्द करा, घाटात दरडी कोसळतात. ओकणाऱ्या पोराला निघण्याआधी दूध देऊ नका, कोरडी पोळी द्या आणि खिडकीशी बसवा.

पिशवीत तीन तासांना प्रत्येक पोरामागे पाऊण लिटर पाणी, मोठ्याला एक लिटर. गूळ-शेंगदाणे, काकडी, दशम्या टिकतात. दहीभात एप्रिलच्या उन्हात आंबतो. एक जादा कपड्यांचा जोड, एक पंचा आणि ओल्या कपड्यांना पिशवी. थंडीत सकाळी स्वेटर लागतो आणि अकराला तो कुणीतरी वागवायचा असतो, तेव्हा एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे घाला. फोन नंबर पोराच्या दंडाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहा, आणि घामाने पुसला जातो म्हणून तोच चिठ्ठीवर लिहून खिशातही ठेवा.