किबल आणि कच्चं मांस: पातळ शी कशी थांबवली

कुत्र्याला किबल (पाकिटातलं कोरडं, दाणेदार खाणं) आणि कच्चं मांस एकत्र दिलं की पोट बिघडतं, असं सर्रास सांगितलं जातं. दोष बहुधा एकत्र देण्यात नसतो. किबल तेवढंच ठेवून वर मांस वाढलं जातं, चरबी एकदम वाढते आणि शी पातळ होते. म्हणून आधी वजनकाटा काढला.

१० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. त्यातल्या १० टक्केच मांसातून द्यायच्या: कातडी काढलेलं चिकन ब्रेस्ट ५० ग्रॅम. त्या बदल्यात किबल १६ ग्रॅम कमी (१०० ग्रॅमला ३७० कॅलरी धरून, आपल्या पाकिटावरचा आकडा बघा). सुरुवात १० ग्रॅम मांसानं, दर दोन दिवसांनी १० ग्रॅम वाढ. शी सैल झाली की मागच्या मापावर परत यायचं, घाई नको.

हाडाशिवायच्या मांसात कॅल्शियम नगण्य, फॉस्फरस भरपूर. त्यामुळे १० टक्क्यांपुढे जाऊ नये. पिल्लांच्या वाढत्या हाडांना हा असमतोल फार बाधतो.

गोठवल्यानं साल्मोनेला (कच्च्या मांसातले, माणसालाही आजारी पाडणारे जंतू) मरत नाही. मांस फ्रिजमध्येच वितळवा, उरलेलं अर्ध्या तासात उचला, भांडं गरम पाण्यानं आणि साबणानं धुवा. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर तेच चिकन उकडून द्या.