डर्बीशरच्या रूळवाटांवर सायकल घेऊन जाण्याआधी

इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात सायकल चालवायला यायचं ठरलं की पुण्याकडची मंडळी मला सगळ्यात आधी चढाचं विचारतात. दिवेघाट आणि खंबाटकी चाकाखालून गेलेले असतात, त्यामुळे विचारण्यात थोडी ऐटही असते. माझं उत्तर ठरलेलं आहे: वाटेवर चढ नाही, वाटेपर्यंत आहे. तयारी करायची ती त्या 'पर्यंत'ची.

अॅशबोर्नपासून पार्स्ली हेपर्यंतची टिसिंग्टन ट्रेल २१ किलोमीटरची आहे. क्रॉमफर्डकडून बक्स्टनच्या दिशेने जाणारी हाय पीक ट्रेल २७, बेकवेलहून निघणारी मॉन्सल ट्रेल साडेतेरा आणि मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातली वाट १३ किलोमीटरची. चारही मुळात बंद पडलेल्या रेल्वेच्या. वाफेच्या इंजिनाला जेवढा चढ झेपतो तेवढाच तिथे ठेवलेला असतो. त्यासाठी कुठे टेकडी कापलेली, कुठे दरीवर पूल, कुठे बोगदा. रूळ गेले, सपाटी राहिली आणि मोटारी आल्याच नाहीत. मात्र गावं, खानावळी, मुक्कामाच्या जागा बहुतेक खाली नदीकाठी आहेत. हार्टिंग्टनचंच बघा. तिथल्या जुन्या गढीवजा वाड्यात युथ हॉस्टेल आहे, मुक्कामाला उत्तम. पण गाव खोऱ्यात आणि गावाच्या नावाचं जुनं स्टेशन दोन-अडीच किलोमीटर दूर, वर. संध्याकाळी आरडाओरडा करत उतरता आणि सकाळी अंग गार असताना, पोटात भरपेट न्याहारी घेऊन, तेच चढता. इथले चढ आपल्या घाटांसारखे लांब नसतात, वळणं घेत सुस्तावणारेही नसतात. अर्धा-पाऊण किलोमीटर, पण सरळ भिंतीला लावलेल्या शिडीसारखे.

म्हणून पहिली तपासणी गिअरची. मागच्या कॅसेटला, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या जुडग्यात, निदान ३२ दात्यांची चकती हवी, ३४ असली तर दुवा द्याल, आणि पुढे, पेडलपाशी, छोटी चेनरिंग. भाड्याची सायकल घेणार असाल तर ट्रेलवरच्या केंद्रांतून ती साधारणपणे दिवसभरासाठी मिळते आणि संध्याकाळी तिथेच परत करायची असते. मुक्काम करत पुढे जायचं तर स्वतःची सायकल आणा, नाहीतर एखाद्या मोठ्या शहरातल्या दुकानातून आठवड्याच्या बोलीवर घ्या. ट्यूबचा व्हॉल्व्ह घरीच बघून ठेवा. माझ्या पहिल्या सहलीत दोन जादा ट्यूबा बरोबर होत्या आणि दोन्ही जाड व्हॉल्व्हच्या. रिमचं भोक बारीक, प्रेस्टा नावाच्या बारीक व्हॉल्व्हचं. पंक्चर काढायचा डबा होता म्हणून निभावलं. शरद ऋतूत येणार असाल तर दोन डबे आणा, कारण १ सप्टेंबरपासून शेतांची कुंपणं छाटायला मोकळीक मिळते आणि त्यातल्या हॉथॉर्न या झुडपाचे काटे गल्लीबोळांच्या रस्त्यांवर पसरतात. बाभळीपेक्षा बारीक, पण टायरात शिरण्यात तिच्याइतकेच तरबेज.

टायर पस्तीस मिलिमीटरच्या आतले नकोत. मॅनिफोल्डची वाट डांबरी आहे, पण बाकी ठिकाणी बहुतेक चुनखडीचा चुरा दाबून बसवलेला असतो. कोरडा असताना छान कुरकुरतो. पाऊस पडला की त्याची पांढरी लापशी होते, ती चेनवर, ब्रेकवर, पोटऱ्यांवर आणि पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर बसते, आणि वाळली की अक्षरशः सिमेंट. मडगार्ड लावाच. दिसायला बावळट दिसतं म्हणून काढून ठेवणारे असतात, त्यांची पाठ बघून ते ओळखू येतात.

सपाटीच्या नियमाला एक अपवाद आहे, तो ठाऊक नसेल तर महागात पडेल. हाय पीकची रेल्वे १८३० च्या सुमारास झाली. टेकड्या वळसा घालून टाळण्याऐवजी ती सरळ अंगावर घेतलेली आहे. वर बसवलेल्या वाफेच्या यंत्राने डबे साखळीने ओढून घ्यायचे. मिडल्टनच्या उतारावर सव्वाआठ मीटरला एक मीटर असा चढ आहे, आणि वरचं यंत्रघर आजही उभं आहे. क्रॉमफर्डकडून सुरू केलंत तर हा चढ लागतो, बक्स्टनच्या बाजूने आलात तर उतार. मी लोकांना सांगते, सामान लादलेलं असेल तर दोन्हीकडून उतरून चाला. लाज वाटायचं कारण नाही, तिथे रेल्वेलासुद्धा स्वतःच्या चाकांवर चढता येत नव्हतं. ब्रेकपॅड नवे हवेत. अर्धे झिजलेले घरून निघताना पुरेसे वाटतात, पण चुनखडीची लापशी त्यांना कानशीसारखी खाते.

दिवे दिवसासुद्धा लागतात. मॉन्सल ट्रेलवरचे मोठे बोगदे जवळजवळ चारशे-चारशे मीटरचे आहेत. २०११ साली ते सायकलींना खुले झाले. आत वीज असते, पण रात्री बंद करतात. उन्हातून आत शिरलं की पहिली दहा-बारा सेकंदं काहीच दिसत नाही, आणि नेमक्या तेवढ्यात समोर एखादं लहान मूल बिनसाखळीच्या कुत्र्यामागे पळत असतं. आत छतातून पाणी टपकतं, गारवा अंगावर येतो. जाकीट सामानाच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात ठेवा. घंटीही हवी. वाट पायी चालणारे, घोडेस्वार, चाकाच्या खुर्चीतले अशा सगळ्यांची आहे. घंटी लांबूनच वाजवावी, कानाशी नव्हे, आणि घोड्यामागून येताना आधी तोंडाने हाक द्यावी. रात्री रस्त्यावर पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर ही कायद्याचीच सक्ती.

मॅनिफोल्डच्या वाटेवर स्वेन्सलीच्या बोगद्यात आणि वेटन मिलच्या बाजूला थोडं अंतर मोटारीही असतात. एवढाच भाग सावध. पण आपल्या माणसाने या वाटेवर जायलाच हवं, त्याला कारण आहे. इथली अडीच फुटी रेल्वे १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंद पडली. तिचा इंजिनीअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप; बार्शी लाइट रेल्वे उभी करणारा तोच. बार्शीची गाडी त्याआधी सात वर्षं, १८९७ पासून धावत होती, तीही अडीच फुटीच, आणि १९०६ ला ती पंढरपूरला पोचली. स्टॅफर्डशरच्या या खोऱ्यातली इंजिनंही म्हणून वसाहतीतल्या थाटाची होती, पुढे भलेमोठे दिवे लावलेली. गवताळ टेकड्या, दगडी कुंपणं, मेंढरं आणि मधून बार्शी लाइनची धाकटी बहीण! मी तिथे थांबून दशम्या खाल्ल्या आहेत.

खाण्यावरून आठवलं. पार्स्ली हे, हॅसॉप, मिलर्स डेल या जुन्या स्टेशनांवर चहा-केक मिळतो, पण दुपारी चार-साडेचारला खुर्च्या उलट्या व्हायला लागतात आणि हिवाळ्यात तर काही भरवसा नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चिक्की, शेंगदाण्याचे लाडू एवढं पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरिअरला लटकवलेल्या पिशवीत, असू द्या. बेकवेलमध्ये पुडिंग खा, टार्ट नव्हे. दोन्ही वेगळे पदार्थ आहेत आणि गावकऱ्यांसमोर घोटाळा करू नका. बाटल्या जिथे नळ दिसेल तिथे भरा.

पार्स्ली हेच्या आसपास उंची साडेतीनशे मीटरच्या घरात जाते, झाडं तुरळक, वारा मोकाट. जूनमध्येही पातळ हातमोजे बरोबर ठेवते मी. सूर्य तेव्हा साडेनऊनंतर मावळतो, डिसेंबरात चारच्या आत-बाहेर. खोल खोऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्या किंवा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल २४ क्रमांकाचा नकाशा कागदावर आणा. वाऱ्यात तो उघडणं हा वेगळा व्यायाम आहे, तेव्हा त्या दिवसाचा भाग आदल्या रात्रीच वर येईल असा घडी घालून ठेवावा.

अॅशबोर्नला रेल्वे नाही. डर्बीहून मॅटलॉकच्या लाइनवर क्रॉमफर्ड लागतं, आणि मँचेस्टरहून बक्स्टनला गाडी येते. डब्यात सायकलींना जागा मोजकी, त्यामुळे चौघांनी एकाच गाडीचा हट्ट धरू नये; दोघं आधीच्या, दोघं नंतरच्या गाडीने. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलचं आरक्षण तिकिटाबरोबरच करा. आणि परतीच्या गाडीआधी अर्धा तास राखून ठेवा, कुठल्या तरी नळावर चेन आणि ब्रेकवरची ती पांढरी लापशी ओली असतानाच धुऊन, फडक्याने पुसून, तेलाचे चार थेंब सोडायला.