ओफिओलाइटमधला ग्रॅनाइट: सोलापुरात राहून प्रबंध करणाऱ्यांसाठी

सोलापूरच्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला पायाखाली बेसॉल्टच भेटतो. ओफिओलाइटसाठी (समुद्रतळाच्या कवचाचा आणि त्याखालच्या प्रावरणाचा, म्हणजे मॅन्टलचा, जमिनीवर चढलेला तुकडा) नागालँड-मणिपूर, अंदमान किंवा लडाख गाठावं लागतं. त्याआधी रेल्वेने यादगीर-रायचूरला जाऊन तिथला गुलाबी ग्रॅनाइट भिंगाखाली बघा. त्यातलं पोटॅशियमयुक्त खनिज, पोटॅश फेल्डस्पार, एकदा नजरेत बसला की ओफिओलाइटमधल्या पांढुरक्या प्लॅजिओग्रॅनाइटमध्ये तो जवळपास नाहीच, हे चटकन कळतं.

प्लॅजिओग्रॅनाइट म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ आणि सोडियमयुक्त प्लॅजिओक्लेज (फेल्डस्पारचाच एक प्रकार). पोटॅशियम ऑक्साइड सहसा १ टक्क्याच्या आत. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. समुद्राचं गरम पाणी खडकात मुरलं की पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम इकडचे तिकडे होतात. म्हणून आधी थिन सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा खडकाचा पातळ काप. प्लॅजिओक्लेज ढगाळलेला आणि सोबत एपिडोट, क्लोराइट ही बदलातून झालेली खनिजं असतील, तर भिस्त सहसा जागेवरून न हलणाऱ्या टायटॅनियम, झिर्कोनियम, इट्रियम, निओबियम आणि विरळ मृदा मूलद्रव्यांवर ठेवा.

खरा वाद उगमाचा आहे. बेसॉल्टी शिलारसातून स्फटिक वेगळे होत शेवटी उरलेला द्रव, की पाणी मुरलेला गॅब्रो (बेसॉल्टी शिलारस खोलवर थिजून झालेला खडक) अंशतः वितळून झालेला? पहिल्या प्रकारात सिलिका वाढते तसं लॅन्थेनम वाढतं. दुसऱ्यात ते सपाट राहतं किंवा घटतं. कमी टायटॅनियम दुसऱ्या बाजूने बोलतं, पण मूळ शिलारसातच टायटॅनियम कमी असेल तर ही खूण फसवी. ओमानमध्ये प्रावरणाच्या भागात घुसलेले, मस्कोव्हाइट-गार्नेटवाले, पोटॅशियमने समृद्ध ग्रॅनाइट तर वेगळ्याच घरचे: ओफिओलाइट खंडावर सरकताना खाली दबलेला गाळ वितळून झालेले. हे ग्रॅनाइट आणि प्लॅजिओग्रॅनाइट एकाच आलेखात मिसळले तर निष्कर्ष वाया जातो.

नमुना ताजा, दोन-तीन किलोंचा घ्या. दळायला अगेटचं भांडं. टंगस्टन कार्बाइडमुळे टंगस्टन, कोबाल्ट आणि थोडं टँटलमही मिसळतं.

सर्वात जास्त घोळ नमुना मोजणीसाठी विरघळवण्यात होतो. झिर्कॉन हे झिर्कोनियमचं चिवट खनिज उघड्या भांड्यातल्या आम्लात पुरता विरघळत नाही. मग झिर्कोनियम, हाफ्नियम आणि जड विरळ मृदा मूलद्रव्यं कमी दिसतात, आणि स्पायडर आलेखातला (अनेक मूलद्रव्यांची प्रमाणं एका ओळीत दाखवणारा आलेख) तो खोटा खड्डा 'उगमाची खूण' म्हणून प्रबंधात जातो. बंद दाबपात्र वापरा किंवा लिथियम बोरेटसोबत वितळवून घ्या. एक्सआरएफवरचं (नमुना आम्लात न विरघळवता क्ष-किरणांनी मोजलेलं) झिर्कोनियम आयसीपी-एमएसच्या (विरघळवलेला नमुना मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्याशी ताडून बघा. दुसरा आकडा बराच खाली असेल, तर आलेख काढायच्या आधी तो नमुना पुन्हा विरघळवा.