भारी जमिनीसाठी ट्रॅक्टर निवडताना

मराठवाड्यातील काळ्या, भारी जमिनीसाठी ट्रॅक्टर घ्यायचा असेल, तर शोरूमची पायरी चढण्यापूर्वी वहीत दोन गोष्टी लिहून काढाव्यात : वर्षातले सर्वांत जड काम कोणते, आणि ते किती दिवसांत उरकायचे आहे. पेरणी, वखराची पाळी, मोगडणी ही कामे ३५ एचपीचा ट्रॅक्टरही सहज करतो. खरा कस लागतो तो एप्रिल-मे महिन्यांत, तापून दगडासारख्या झालेल्या रानात पलटी नांगर घालताना आणि रोटाव्हेटर चालवताना.

पाच फुटी रोटाव्हेटरला साधारण ३५ ते ४० एचपी, तर सहा फुटी रोटाव्हेटरला किंवा दोन फाळी हायड्रॉलिक पलटी नांगराला ४५ ते ५० एचपी लागतात. कामाचा वेग काढणे अवघड नाही. अवजाराची रुंदी मीटरमध्ये घेऊन तिला ताशी किलोमीटरने गुणावे व दहाने भागावे, म्हणजे तासाला किती हेक्टर होते ते कळते. त्यातून वळणे आणि थांबे यांसाठी पाव भाग वजा करावा. या हिशेबाने ताशी साडेतीन किलोमीटर वेगाने पाच फुटी रोटाव्हेटर तासाला जवळपास एक एकर करतो, तर सहा फुटी त्याहून थोडेच जास्त. म्हणजे पंधरा एकरांत मोठ्या ट्रॅक्टरने जेमतेम दोन-अडीच तास वाचतात. तेवढ्यासाठी लाखभर रुपये जास्तीचे कर्ज काढावे, असे मला वाटत नाही. भाड्याने कामे करायची असतील, तर गोष्ट वेगळी.

बॉनेटवर लिहिलेले एचपी इंजिनाचे असतात. पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, त्याहून दहा-पंधरा टक्के कमी मिळतात आणि रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र चालते ते पीटीओवर. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था ट्रॅक्टरची चाचणी घेते. तिच्या अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा खप आणि हायड्रॉलिकची उचल दिलेली असते. आपल्या पसंतीच्या मॉडेलचा अहवाल विक्रेत्याकडे जरूर मागावा.

ताकदीइतकेच वजनही महत्त्वाचे आहे, कारण हलका ट्रॅक्टर नांगर ओढताना जागीच चाक फिरवत राहतो. प्रात्यक्षिक आपल्याच रानात मागावे. मागच्या टायरवर खडूने रेघ मारावी, नांगर उचललेला ठेवून चाकाचे दहा फेरे होईपर्यंतचे अंतर पावलांनी मोजावे आणि मग नांगर लावून तेच पुन्हा करावे. पहिल्या खेपेला साठ पावले आणि दुसऱ्या खेपेला एक्कावन्नपेक्षा कमी भरली, तर चाके फार घसरत आहेत. चाकांना वजने लावून किंवा टायरमध्ये पाणी भरून फरक पडतो का, ते तिथेच करून पाहावे. मात्र रान ओले असताना जड ट्रॅक्टर घातला की जमीन दबते, म्हणून वाफसा आल्याशिवाय आत जाऊ नये.

मोसंबी किंवा डाळिंबाच्या बागेत फवारणी आणि आंतरमशागत हेच मुख्य काम असेल, तर २० ते २८ एचपीचा अरुंद ट्रॅक्टर पुरतो. फक्त झाडांच्या खालच्या फांद्यांची उंची मोजून जावे.

आता भरवशाचे. एका जूनमध्ये, मृगाचा चांगला पाऊस होऊन वाफसा आलेला असताना आमच्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप गेला. विक्रेत्याकडे सुटा भाग नव्हता. तो यायला सहा दिवस लागले, तोवर पुन्हा पाऊस लागला आणि पेरणी पंधरवडाभर लांबली. मशीन चांगले होते, पण त्याला बरे करणारा जवळ नव्हता. तेव्हापासून मी सांगतो, की तालुक्याच्या गावी ज्या कंपनीचे वर्कशॉप आहे, मेकॅनिक फोनवर बांधावर येतो आणि क्लच प्लेट, फिल्टर, पंपाचे किट दुकानात हाताशी असते, तोच ट्रॅक्टर घ्यावा. चौकशी विक्रेत्याकडे करू नये. तेच मॉडेल पाच वर्षे चालवणाऱ्या दोन-तीन शेतकऱ्यांना विचारावे. जानेवारी २०२३ पासून पन्नास एचपीवरील नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाल्याने त्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वाढली आहे. तिचा बिघाड गावच्या मिस्त्रीच्या हाताबाहेरचा असतो, हेही हिशेबात धरावे.

जुना घेत असाल, तर आधी नव्याची किंमत विचारा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. आरसी बुकावर बँकेचा बोजा नाही ना, ते पाहावे. मालकाला सांगून ठेवावे, की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. थंड इंजिन कसे सुरू होते आणि निळसर धूर निघतो का, हे पाहावे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. शेवटी रोटाव्हेटर वर उचलून इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटे बाजूला उभे राहावे. तो भराभर खाली उतरू लागला, तर हायड्रॉलिकच्या दुरुस्तीचा खर्च सौद्यातून वजा करूनच बोलणी पुढे न्यावीत.