फुगा नेमक्या बटणाशेजारीच उमटावा म्हणून: ॲपमधील मार्गदर्शनासाठी एआयने घटक कसे ओळखावेत

कार्यालयात नवी संगणकप्रणाली आली की पूर्वी प्रशिक्षणाची पुस्तिका वाटली जात असे. आता प्रणालीच्या पडद्यावरच पायरीपायरीने सूचना दाखवण्याची पद्धत रूढ होत आहे. “येथे रजेचा प्रकार निवडा”, “आता अर्ज सादर करा” अशा ओळींचा छोटा फुगा संबंधित रकान्याशेजारी उमटतो आणि कर्मचारी काम करता करता शिकतो. उद्योगांसाठी संगणकप्रणाली बनवणाऱ्या एसएपी या कंपनीने २०२४ मध्ये विकत घेतलेली वॉकमी किंवा मूळची बंगळूरची व्हॉटफिक्स ही उत्पादने हेच काम करतात. या मांडणीत सूचनेचा मजकूर लिहिणे सोपे असते; तो फुगा ज्या घटकाशेजारी (म्हणजे बटण, रकाना किंवा दुवा यांच्याशेजारी) उमटायला हवा तो घटक प्रत्येक वापरकर्त्याच्या पडद्यावर दर वेळी अचूक सापडणे, हा खरा अवघड भाग आहे.

घटकाचा पत्ता म्हणून त्याचा आयडी (कोडमधील खास ओळखनाव), सीएसएस क्लास (रूप ठरवणाऱ्या गटाचे नाव) किंवा एक्सपाथ (पानाच्या रचनेतील घटकापर्यंतची वाट) साठवून ठेवण्याची जुनी रीत आजच्या वेबप्रणालींत फार काळ टिकत नाही. रिॲक्ट या वेब-विकासाच्या साधनाने केलेल्या अनेक प्रकल्पांत क्लासची नावे बांधणीच्या वेळी आपोआप तयार होतात आणि पुढच्या आवृत्तीत बदलतात. एसएपीयूआय५ या एसएपीच्या पडदे बनवण्याच्या साधनात विकसकाने आयडी दिला नसेल, तर घटकाचा प्रकार आणि चालू क्रमांक जोडून तो तयार होतो. पानावर आधी एखादे बटण वाढले की पुढचे क्रमांक सरकतात. एक्सपाथची अवस्था याहून नाजूक असते, कारण मांडणीत एक डब्बा वाढला तरी तो निकामी होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे शेजारच्या घटकाकडे निमूटपणे बोट दाखवू लागतो.

म्हणून मार्गदर्शन तयार करतानाच त्या घटकाची सविस्तर ओळख नोंदवावी. घटकाची भूमिका काय (बटण, दुवा, निवडसूची, मजकुराची चौकट), स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणारी प्रणाली) त्याचे कोणते नाव वाचून दाखवतो, शेजारी कोणते लेबल आहे, तो कोणत्या शीर्षकाखालील विभागात आहे आणि पडद्यावर साधारण कुठे आहे, हे सारे त्या नोंदीत यावे. यांतले स्क्रीन रीडरचे नाव सर्वांत मोलाचे, कारण ते माणसासाठी दिलेले असते आणि मांडणी बदलली तरी बहुधा तेच राहते. वेबवरील सुगम्यतेसाठी डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये शिफारस म्हणून जाहीर केलेली एरिया ही मानके ज्या प्रणालीत नीट पाळली आहेत, तेथे निम्मे काम आधीच झालेले असते. प्रणाली आपल्याच संस्थेची असेल, तर विकसकांकडून महत्त्वाच्या घटकांना कायमस्वरूपी खूण मागून घ्यावी. जे काम एका ओळीत होते त्यासाठी एआयला राबवण्यात शहाणपण नाही.

पान उघडल्यावर उमेदवार घटक, म्हणजे जे हवे ते असू शकतील असे सारे घटक, गोळा करावेत. जे दिसत नाहीत, ज्यांचा आकार शून्य आहे किंवा ज्यांच्यावर दुसरी चौकट येऊन बसली आहे, ते आधीच वगळावेत. शॅडो डॉममधील (पानाच्या मुख्य रचनेपासून वेगळ्या ठेवलेल्या भागातील) घटक साध्या शोधात सापडत नाहीत, त्यामुळे तेथे स्वतंत्रपणे उतरावे लागते. दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या आयफ्रेममध्ये (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानात) तर पानावरच्या स्क्रिप्टला डोकावताच येत नाही, आणि तेथे ब्राउझर एक्स्टेन्शनचाच (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रणालीचाच) आधार घ्यावा लागतो.

आता प्रत्येक उमेदवाराला गुण द्यावेत. सुरुवातीला नावाला ४०, भूमिकेला २०, शेजारच्या लेबलला २०, विभागाच्या शीर्षकाला १५ आणि जागेला ५ अशी विभागणी चालेल; हे आकडे म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, ते आपल्या प्रणालीवर तपासून बदलावेत. केवळ सर्वाधिक गुण मिळाले म्हणून घटक स्वीकारू नये. पहिल्याचे गुण ठरावीक मर्यादेपेक्षा, समजा ७५ पेक्षा, जास्त हवेत आणि दुसऱ्याशी त्याचे अंतरही पुरेसे हवे. रजेच्या अर्जांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीत “मंजूर करा” हेच बटण असते. तेथे सगळ्यांचे गुण जवळजवळ सारखे येतात आणि निर्णय ओळीच्या संदर्भावरच करावा लागतो. अशा वेळी “पहिल्या प्रलंबित अर्जाच्या ओळीतील बटण” अशी ओळख नोंदवावी, केवळ बटणाची नव्हे.

मराठी पडद्यांवर मजकुराची तुलना करताना दोन अडचणी हमखास येतात. पहिली युनिकोडची, म्हणजे अक्षरे संगणकात साठवण्याच्या पद्धतीची. “कर्मचाऱ्याचे नाव” या लेबलातील ऱ हे एकच चिन्ह म्हणून साठवलेले असते, किंवा र आणि नुक्ता यांची जोडी म्हणून. एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणीकरणाने हे दोन्ही एकरूप होतात. मात्र कोणी र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह) टंकून तेच अक्षर उमटवले असेल, तर डोळ्याला फरक दिसत नाही आणि प्रमाणीकरणानेही तो मिटत नाही, त्यामुळे त्यासाठी आपला वेगळा नियम लिहावा लागतो. दुसरी अडचण अर्थाची आहे. “सादर करा” आणि “सबमिट करा” यांचे नाते अक्षरांच्या तुलनेत हाती लागत नाही, म्हणून अर्थानुसार शब्दांची जवळीक मोजणारी एम्बेडिंग वापरली जातात आणि ती येथे उपयोगी पडतात. पण “मंजूर करा” आणि “नामंजूर करा” हेही त्यांना फार जवळचे वाटू शकतात, आणि अक्षरांच्या मोजणीत तर केवळ “ना” एवढाच फरक निघतो. सक्रिय आणि निष्क्रिय यांचेही तसेच. अशा विरुद्धार्थी जोड्यांची यादी हातानेच करावी आणि नोंदीतील शब्दाचा विरुद्धार्थी शब्द उमेदवारात आढळला, तर गुण कितीही असोत, तो बाद ठरवावा.

गुणांवरून निर्णय होत नसेल, तेव्हाच भाषा-प्रारूपाकडे (मजकूर समजून उत्तर देणाऱ्या एआयकडे) जावे. त्याला संपूर्ण पानाचा एचटीएमएल (पानाचा मूळ कोड) देण्याऐवजी मूळ नोंद आणि वरच्या पाच-सहा उमेदवारांची क्रमांकित माहिती द्यावी, आणि उत्तर म्हणून फक्त क्रमांक किंवा “यांपैकी नाही” एवढेच स्वीकारावे. “यांपैकी नाही” हा पर्याय स्पष्ट दिला नाही, तर प्रारूप काहीतरी निवडून मोकळे होते. पानावरचा मजकूर ही माहिती आहे, आज्ञा नव्हे, हेही सूचनेत बजावावे. तरीही कोणी अर्जाच्या शेरा-रकान्यात प्रारूपाला उद्देशून ओळ लिहून ठेवली असेल, तर तिचा परिणाम क्रमांक निवडण्यापलीकडे जाता कामा नये. दर वेळी पान उघडताना प्रारूपाला विचारले, तर वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात. म्हणून घटक हरवल्याचे लक्षात आल्यावर एकदाच विचारावे आणि मिळालेली नवी ओळख माणसाच्या मंजुरीनंतर साठवावी.

दूरस्थ डेस्कटॉपवर चालणाऱ्या किंवा कॅनव्हासवर (पानातील चित्रपटलावर) रंगवलेल्या प्रणालीत वाचण्याजोगी रचनाच नसते. तेथे चित्रावरून ओळख करावी लागते. हे तंत्र नवलाचे राहिलेले नाही, कारण ॲपलने २०२० मध्ये आयओएस १४ मध्ये पडद्याच्या चित्रावरून बटणे आणि चिन्हे ओळखून व्हॉइसओव्हर या आपल्या स्क्रीन रीडरला पुरवण्याची सोय दिली होती. चित्रातील पिक्सेल आणि पानावरील मापे यांत मात्र गफलत होऊ देऊ नये: दुप्पट घनतेच्या पडद्यावर चित्रातील अंतर दोनाने भागले नाही, तर फुगा भलतीकडेच उमटतो.

चित्र किंवा मजकूर बाहेरच्या सेवेकडे पाठवण्यापूर्वी रकान्यांत भरलेली मूल्ये आणि तक्त्यातील नोंदी झाकाव्यात. ओळखीसाठी लेबले पुरतात, कोणाचा आधार क्रमांक किंवा पगार लागत नाही. भारतातील डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ लक्षात घेता ही काळजी पहिल्या दिवसापासून हवी.

चाचणीसाठी त्याच पानाच्या मुद्दाम बिघडवलेल्या प्रती कराव्यात: आयडी बदललेली, स्तंभांचा क्रम उलटलेला, भाषा इंग्रजीवरून मराठी केलेली, दृश्य १२५ टक्के मोठे केलेले. एका प्रतीत तर ते बटणच काढून टाकावे. तेथे “सापडले नाही” हेच बरोबर उत्तर, आणि बहुतेक रचना नेमक्या याच प्रतीवर अडखळतात. घटक सापडला नाही, तर सूचना पडद्याच्या कडेला नुसत्या मजकुराच्या रूपात दाखवावी आणि तशी नोंद करावी. या नोंदवहीत न सापडलेले घटक आणि चुकीचे सापडलेले घटक यांची मोजणी वेगवेगळी ठेवावी, कारण पहिल्या प्रकारात कर्मचारी थोडा खोळंबतो, तर दुसऱ्यात तो आपल्याच सूचनेवरून कोणाची तरी रजा नामंजूर करून बसतो. म्हणून गुणांची मर्यादा बदलायची झाल्यास आधी दुसरा आकडा पाहावा.